भाऊजींची पूर्ण ओळ

ताईचा फोन आला तेव्हा मी आर्णीच्या माझ्या दुकानात एका बाईंचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज ऑनलाइन भरत होतो. सकाळचे साडेदहा झाले असतील. ताई रडत नव्हती. "गुड्डू, तुहे भाऊजी गेले," म्हणाली. "चहा घेतला, चप्पल घालाले वाकले, अन् तसेच खाली बसले." मी "आलो" म्हटलं, फोन ठेवला… आणि समोरच्या अर्जातले राहिलेले चार रकाने भरले. पिन कोड, मोबाइल, शिधापत्रिकेचा क्रमांक, अर्जदाराशी नातं. प्रिंट काढली, बाईंची सही घेतली, आणि मग उठलो. बाईंना कळलंही नाही की त्यांचा अर्ज भरणाऱ्याचे भाऊजी मघाशीच गेलेत. आर्णीहून नेरपर्यंतच्या रस्त्यात मी स्वतःला विचारत होतो, असं कसं केलंस रे माणसा? बावन्न वर्षांचा झालास, केस गेले, पोट आलं, लोक अजून गुड्डू म्हणतात ते उगीच नाही. पण खरं उत्तर मला माहीत होतं. अर्धी ओळ सोडून उठायचं नाही, हे मला भाऊजींनीच शिकवलं होतं. त्यांनी शिकवलेलं मी पाळलं ते नेमकं त्या दिवशी, एका अनोळखी बाईंच्या अर्जात. जिथे पाळायला हवं होतं तिथे पाळलं नाही. हा लेख त्याबद्दल आहे, आणि तो रागात लिहिलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. दीड महिना झाला, राग उतरलेला नाही.

देवानंद भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. राहायला नेरला. नोकरी आमच्या भागातल्या एका कापूस खरेदी केंद्राच्या फाटकावर, नोंदणी कारकून म्हणून. केंद्राचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर नोटीस येईल, आणि नोटिसांचं या घराला पुरे झालं आहे. फाटकावरचं काम दिसायला सोपं. बैलबंडी येवो, ट्रॅक्टर येवो, मेटाडोर येवो, प्रत्येक गाडीची रजिस्टरमध्ये एक ओळ. दिनांक, गाव, वाहन, आत आल्याची वेळ, कापसातला ओलावा, आणि शेवटी, गाडीचं माप झालं का ती तशीच परत गेली, ते. एकाच गावच्या दहा-दहा गाड्या एकामागे एक येतात. अशा वेळी कोणीही कारकून पहिल्या ओळीत गावाचं नाव लिहितो आणि खाली दोन बारीक रेघा मारतो, किंवा फार झालं तर 'वरीलप्रमाणे' लिहितो. भाऊजी दहाही वेळा गावाचं नाव लिहायचे. दहाही वेळा दिनांक, दहाही वेळा सगळं. सोबतचे लोक त्यांना छळायचे, "देवाभाऊ, शाई सासऱ्यानं देल्ली काय आंदणात?" त्यांचे सासरे म्हणजे आमचे बाबा, ज्यांनी आंदणात पाण्याचा एक पितळी गुंड आणि एक मी, एवढंच दिलं होतं. मी तेव्हा शाळेत होतो आणि ताईच्या घरीच जेवायला पडलेला असायचो. भाऊजी त्या छळण्यावर चिडायचे नाहीत. एकदाच मला म्हणाले होते, "गुड्डू, ओळ उचलून दुसरीकडं नेली तं तिले सोताचं सोता सांगता आलं पाह्यजे. शेजाऱ्याले विचारा, असं नाही म्हनाचं तिनं."

मला ते समजलं नाही. समजलं माझ्या लग्नात. बायकोचं माहेर केळापूरकडचं, वरात नेरहून निघायची, गाड्या चार. पाहुण्यांची यादी करायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं, कारण मी तेव्हा नुकताच टायपिंग शिकलो होतो आणि यवतमाळ जिल्ह्यात आपल्यासारखा टायपिस्ट नाही असं मला वाटत होतं. नाव, गाव, कोणत्या गाडीत बसणार, कुठून घ्यायचं. फक्कड यादी झाली. एकाच ठिकाणाहून बसणाऱ्यांपुढे मी ठिकठिकाणी 'वरीलप्रमाणे' लिहिलं. सकाळी निघताना कोणाला तरी वाटलं की प्रत्येक ड्रायव्हरला त्याची त्याची माणसं द्यावीत, म्हणून कात्रीनं यादीच्या चार पट्ट्या केल्या. तिसऱ्या गाडीच्या पट्टीवर पहिलंच नाव लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांचं होतं, आणि त्यापुढे होतं 'वरीलप्रमाणे'. वरचं दुसऱ्या गाडीच्या पट्टीवर राहिलं. तिसऱ्या ड्रायव्हरनं आपल्या मनानं अर्थ लावला आणि तो सरळ निघाला. बौद्धाचार्य दारव्ह्याच्या बसस्टँडवर पांढऱ्या कपड्यांत दुपारपर्यंत उभे, आणि मी मांडवात फेटा बांधून तीन तास बसलेलो. भाऊजी माझ्याजवळ येऊन खाली वाकले आणि कानात म्हणाले, "साळेबुवा, लग्न बी वरीलप्रमाणेच लावाचं काय?" सगळं घर हा किस्सा आजही सांगतं. मीच सगळ्यात जास्त सांगतो, रंगवून सांगतो. आणि म्हणूनच मला पुढे 'माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय राहिली नाही.

पुढची गोष्ट बोंडअळीच्या वर्षांतली. त्या काळात कापूस आमच्याकडे कसा आला आणि कसा गेला हे मी नव्यानं सांगायला नको. जो काही हाती लागला होता तो लोक गाडीत भरायचे, पंचवीस-तीस किलोमीटर यायचे, आणि फाटकावर कळायचं की आज खरेदी बंद. कधी गोदाम भरलेलं, कधी ओलावा मोजायचं यंत्र बिघडलेलं, कधी प्रतवारी करणारा माणूसच आलेला नाही. हे सांगायचं काम भाऊजींकडे. दिवसभर एकच वाक्य, "आज नाही." एका रविवारी ते माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "गुड्डू, तू त्या मोबाइलात लोकायच्या जाहिराती टाकतं ना? मले एक पान करून दे." त्यांच्या मनात सगळं तयार होतं. आसपासच्या तालुक्यांतली सहा केंद्रं. सहाही फाटकांवरच्या कारकुनांना ते ओळखत होते. रोज संध्याकाळी पाचला प्रत्येकाला फोन करायचा आणि उद्याची एक ओळ घ्यायची. दिनांक, तालुका, केंद्र, स्थिती, कारण, आत किती गाड्या थांबून आहेत. ती ओळ पानावर जायची. पानाच्या वर तालुक्यांची नावं. आपला तालुका दाबला की फक्त त्याच्या ओळी दिसणार, बाकीच्या बाजूला होणार. मी पहिल्यांदा तसं करून दाखवलं तेव्हा भाऊजी चष्मा सावरत बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे हे कातरी मारून राह्यलं. तुह्या लग्नाच्या यादीवानी." मी हसलो. ते हसत नव्हते. "मंग तं एकेक ओळ पक्की पाह्यजे बाबू. हे कातरी दिवसातून हजारदा चालन."

पुढचे पाच-सहा रविवार ताईच्या घरी त्यांनी माझ्याशी जो घोळ घातला, तो आठवून आज हसूही येतं आणि… असो. ताई पोहे करायची, आम्ही भांडायचो. कारणांची यादी त्यांनी पाचच ठेवली. गोदाम भरलं, यंत्र बंद, प्रतवारी करणारा नाही, मजूर नाही, सुटी. मी म्हटलं, भाऊजी, सहावं 'इतर' ठेवू, सगळीकडे ठेवतात. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "तू 'इतर' ठेवशीन तं सारे 'इतर'च लिहितीन. मले माहीत हाय ना, मी कारकून हावो." ठेवलं नाही. स्थिती तीनच, चालू, बंद आणि माहीत नाही. या तिसऱ्यावर मी हटून बसलो होतो. फोन लागला नाही तर रकाना रिकामा ठेवू, त्यात काय, असं माझं म्हणणं. ते म्हणाले, "रिकामं पाह्यलं का मानूस आपल्या मनातलं त्याच्यात भरते. चालूच असन म्हनते अन् गाडी जुपते. आपल्याले माहीत नाही, हे बी त्याले माहीत पडलं पाह्यजे." एखाद्या इंजिनिअरनं हे पाटीवर लिहून ठेवावं असं मला तेव्हाही वाटलं होतं, पण मी त्यांना म्हटलं, "बरं बरं, खा आता पोहे." साळ्यानं भाऊजींचं कौतुक तोंडावर करायचं नसतं, एवढी अक्कल मला होती. नको तिथे असते.

पहिला हंगाम पान नीट चाललं. दिसायला गबाळं होतं, माझ्यासारखंच. पण चहाच्या टपरीवर, गावच्या पारावर लोक संध्याकाळी मोबाइल काढून तालुका दाबायचे. एके दिवशी नेरजवळच्या एका गावचा माणूस फाटकावर आला, कापूस वगैरे काही नाही, मोकळ्या हातानं. भाऊजींना म्हणाला, "काल तुमचं पान पाहून मी आलो नाही, ते सांगाले आलतो." आणि गेला. भाऊजींनी हे मला चार वेळा सांगितलं. त्यांच्या कामाचा पुरावा असा होता की जे लोक आलेच नाहीत, तेच त्याचे साक्षीदार. असलं काम मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते साहेब लोकांच्या हाती पडलं की त्याचं काय होतं ते पुढे पाहा.

वरच्या कार्यालयातल्या एका साहेबांच्या नजरेत हे पान आलं. भाऊजींना बोलावलं, मलाही. मोठं सभागृह, थंडगार हवा, बाटलीबंद पाणी. साहेबांनी पान पडद्यावर लावलं आणि म्हणाले, संकल्पना चांगली आहे, आता हिला शासकीय रूप देऊ. शहरातली कंपनी आली. पान चकाचक झालं. वर तालुक्यांची नावं तशीच, पण ओळींच्या जागी नकाशा, नकाशावर लाल आणि हिरवे ठिपके. 'माहीत नाही' काढून टाकलं. साहेब म्हणाले, शासकीय पानावर आम्हाला माहीत नाही असं कसं लिहायचं? सगळे हसले. मीही हसलो, मोठ्यानं हसलो, साहेबांना ऐकू जाईल इतकं. भाऊजी तेवढे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तिसरा रकाना ठेवा जी. नाही तं लोकायले वापस फिरावं लागन." साहेबांनी हात केला, बसा बसा. ते बसले. फाटकांवरून माहिती घ्यायचं काम भाऊजींकडून काढून कार्यालयातल्या एका टेबलाकडे दिलं, आणि त्या टेबलावरून येणारा कागद रोज पानावर चढवायचं काम करारानं मला मिळालं. मला! दुकानावर फ्लेक्सचा बोर्ड लागला, 'अधिकृत माहिती नोंद केंद्र', सोनेरी अक्षरांत. त्या बोर्डाखाली उभं राहून मी बायकोकडून फोटो काढून घेतला. तो फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला तेव्हा पहिला अंगठा भाऊजींचा होता.

आता ते तीन दिवस. कार्यालयातून संध्याकाळी कागदाचा फोटो माझ्या मोबाइलवर आला. सहा ओळी, हातानं लिहिलेल्या, खाली सही. दुसऱ्या तालुक्यातल्या एका केंद्रापुढे लिहिलं होतं, 'तीन दिवस बंद, गोदाम भरलं'. त्याच्या खालची ओळ भाऊजींच्या केंद्राची. त्यापुढे लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे'.

माझी बोटं थांबली होती. खोटं सांगत नाही, थांबली होती. मांडव आठवला, फेटा आठवला. मी त्या टेबलावर फोन केला आणि विचारलं, हे बंद असंच लिहू ना पूर्ण? तिकडून उत्तर आलं, "भाऊ, करारात लिहिलंय ना, जसं आहे तसं भरावे. तुम्ही तुमची अक्कल नका लावू." मी नाही लावली. 'वरीलप्रमाणे' टाइप केलं, बटण दाबलं, चहा मागवला. कंपनीनं पान असं बनवलं होतं की रकान्यात नेमका 'बंद' हा शब्द दिसला तर ठिपका लाल, दुसरं काहीही असलं तर हिरवा. हे मला पुढे कळलं. पण काहीतरी चुकणार आहे हे तेव्हाच कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. आपला तालुका दाबणाऱ्याला वरची ओळ दिसतच नव्हती. ती कात्रीच्या पलीकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फाटकावर गाड्या लागल्या. भाऊजींनी आदल्या दिवशी दुपारीच वर कळवलं होतं की बंद, तीन दिवस, गोदाम भरलं. पूर्ण. तरी लोक का येताहेत ते त्यांना समजेना. एका गावच्या चार घरांनी मिळून एक ट्रॅक्टर आणला होता, सोबत एक बाई होत्या. त्या भाऊजींपुढे मोबाइल धरून म्हणाल्या, "भाऊ, हिरवं होतं ना. म्या दोन डाव पाह्यलं. सुनेले बी दाखोलं." भाऊजींनी मला फोन केला.

"गुड्डू, आपल्या पानावर काय हाय?"

"हिरवं."

"काहून?"

मी म्हटलं, "पाहतो." त्यांनी 'आपल्या' म्हटलं होतं. काढून घेतल्यावरही ते त्याला आपलं पान म्हणत होते. मी पाहिलं नाही. मी पुन्हा त्या टेबलावर फोन केला, टेबल उचलेना. स्वतःहून दुरुस्त करायचा अधिकार मला नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. लोक परत जायला तयार नव्हते, आज ना उद्या उघडेल म्हणून रांगेत थांबले, आणि दुसऱ्या दुपारी अवकाळी सर आली. ताडपत्र्या सगळ्यांकडे नव्हत्या. तिसऱ्या दिवसानंतर फाटक उघडलं तेव्हा भिजलेल्या कापसाचा ओलावा यंत्रावर मर्यादेत बसेना. भाऊजींनी एकेक गाडी लिहिली. दिनांक, गाव, वाहन, वेळ, ओलावा, परत. दिनांक, गाव, वाहन, वेळ, ओलावा, परत. कुठेही दोन रेघा नाहीत. त्या बाईंच्या ट्रॅक्टरची ओळ मी नंतर पाहिली आहे. तिच्यातही अक्षर हललेलं नाही.

मग नेहमीचं सुरू झालं. लोक चिडले, वरपर्यंत तक्रार गेली, आणि वरून एक कागद खाली आला की फाटकावरील कर्मचाऱ्याने चुकीची माहिती कळविल्याने गैरसोय झाली. ज्या एका माणसाने पूर्ण माहिती दिली होती, त्याच्यावर! त्यांना फाटकावरून उचललं आणि अभिलेख खोलीत बसवलं, चौकशी होईपर्यंत. जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यांत, एक खुर्ची, काम काही नाही. तीस वर्षं ज्या माणसाला सगळा तालुका सकाळी उठून रामराम-जयभीम करायचा, त्याला दिवसभर कोणी नाही. भाऊजी पुढच्याच रविवारी बसनं आर्णीला आले. त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुले आलेला कागद तुह्याजवळ असन. तो दे, अन् तू काय टाइप केलं ते दोन ओळीत लिहून दे. बस. मले बाकी काई नाही पाह्यजे, फाटक पाह्यजे." मी म्हटलं, "शोधतो भाऊजी. मोबाइल बदलला ना मी…" मोबाइल बदलला नव्हता. कागद कॉम्प्युटरवर होता, त्या तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये. तारखेनं ठेवायचं हेही त्यांनीच शिकवलं होतं. पण तो कागद दिला की करार जाणार, आणि करार गेला की बोर्ड जाणार. वाचकहो, मला पैशाची भीती असती तर मी निदान तसं सांगितलं असतं. मला सोनेरी अक्षरांची भीती होती. बाजारातले लोक विचारतील, काहून गुड्डूभाऊ, बोर्ड काहून उतरवला? एवढ्यासाठी.

सोळा महिने मी शोधत होतो. मधे दिवाळी झाली, ताईकडे भाऊबीज झाली, ताईनं ओवाळलं, मी ओवाळून घेतलं. शेवटची भेट त्यांच्या जाण्याच्या बारा दिवस आधीची. ते दुकानात आले, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. मी कोणाचं तरी काम करत होतो, आणि पडद्यावर फोल्डरांची यादी उघडी होती, तारखेवार. ती तारीखही त्यात होती. मी पटकन खिडकी बंद केली. मला वाटलं, त्यांनी पाहिलं नसेल. पण तीस वर्षं ज्यानं लांबून येणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर वाचला, त्याला हातभर अंतरावरची तारीख दिसली नसेल का? त्यांनी चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला, आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सापडला तं सांगजो." बाहेर जाऊन त्या बोर्डाकडे एकदा वर पाहिलं. मग बसकडे गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे भाऊजींच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, साहेब आले होते. पांढरा शर्ट, दोन मिनिटांचं भाषण. देवानंदजी हे अत्यंत प्रामाणिक कर्मचारी होते, आमच्या कार्यालयाने शेतकऱ्यांसाठी जी डिजिटल संकल्पना राबवली तिच्यातही त्यांचा खारीचा वाटा होता. खारीचा! मी पाण्याचे ग्लास फिरवत होतो. माझ्या मनात आलं, आत्ता उठावं, माइक घ्यावा आणि सगळं सांगावं. मी साहेबांपर्यंत गेलो आणि त्यांना पाणी दिलं. हे असलं माझं शौर्य. चौकशीचं काय झालं, असं ताईच्या मुलीनं त्यांना विचारलं, तर म्हणाले, संबंधित व्यक्ती हयात नसल्याने आता ती आपोआप संपेल. संपली, म्हणजे निर्दोष नाही. नुसती संपली. रकाना रिकामा. आता ज्याला जे वाटेल ते त्यानं त्यात भरावं.

लोक गेल्यावर ताईनं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि एक लांबट वही हातात दिली. "हे त्यायच्या पिशवीत होती रोज. तुह्यासाठी हाय का कोनासाठी, मले समजत नाही. पन तुह्यं नाव हाय साऱ्यात." मी उघडली. अभिलेख खोलीत बसवल्याच्या पहिल्या दिवसापासून भाऊजींनी रोज एक ओळ लिहिली होती. दिनांक. ठिकाण, अभिलेख खोली. काम, नाही. स्थिती, चौकशी सुरू. कारण, गुड्डूचा कागद यायचा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, दिनांक, अभिलेख खोली, नाही, चौकशी सुरू, गुड्डूचा कागद यायचा आहे. पान उलटलं, तेच. रविवारीसुद्धा, सुटी, गुड्डूचा कागद यायचा आहे. भाऊबीजेच्या दिवशीही. ज्या दिवशी त्यांनी माझ्या पडद्यावर ती तारीख पाहिली त्या दिवशीही 'गुड्डू देत नाही' असं लिहिलेलं नाही. यायचा आहे, असंच. सोळा महिने, रोज, आणि एकाही जागी दोन रेघा नाहीत. खाली दोन रेघा मारणं किती सोपं होतं हो… त्यांनी प्रत्येक दिवशी नव्यानं पूर्ण ओळ लिहून माझी वाट पाहिली.

बोर्ड मी दुसऱ्या दिवशी उतरवला. बाजारात कोणी काही विचारलं नाही, कोणाचं लक्षही नव्हतं. सोळा महिने ज्याला मी भ्यालो ते हे. कागदाची प्रिंट काढली, त्यावरची सही दिसेल अशी, आणि सोबत माझं निवेदन. त्यात लिहिलं, की हा कागद मला अमुक तारखेला आला, 'वरीलप्रमाणे' हे मी स्वतः टाइप केलं, त्याचा अर्थ बंद आहे हे मला ठाऊक होतं, देवानंद भाऊजींनी दिलेली माहिती बरोबर होती, आणि हे मी सोळा महिने दडवून ठेवलं. शेवटी मागणी, की चौकशी संपवू नये, पूर्ण करावी, आणि त्यांच्या नावापुढे निर्दोष असं लिहावं. वरच्या कार्यालयात जाऊन आवक खिडकीवर दिलं. खिडकीतल्या कारकुनानं ते आवक रजिस्टरमध्ये चढवायला घेतलं. माझ्या आधी कोणाचा तरी बदलीचा अर्ज आला होता. त्यानं क्रमांक टाकला, माझं नाव लिहिलं, आणि विषयाच्या रकान्यात वरच्या ओळीखाली, सवयीनं, दोन बारीक रेघा मारल्या.

मी म्हटलं, "पूर्ण लिहा."

तो म्हणाला, "काका, दोन्ही आस्थापनेचेच विषय आहेत. सारे असंच लिहितात."

"सारे लिहितात म्हणूनच आलो. पूर्ण लिहा. मी उभा आहे."

मागे रांग होती, कोणीतरी 'ओ काका' म्हणालं. माझा आवाज चढला होता, पण मी हललो नाही. त्यानं रेघा खोडल्या आणि लिहिलं. मी शब्द सांगत गेलो. कापूस खरेदी केंद्राचे फाटक कारकून दिवंगत देवानंद यांच्यावरील चौकशीत पुरावा सादर केल्याबाबत. मी ते उलट्या बाजूनं वाचून पाहिलं, मग पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. दर सोमवारी मी जातो, खिडकी मला ओळखायला लागली आहे.

वही आता माझ्याकडे आहे, दुकानात, कॉम्प्युटरच्या शेजारी. भाऊजींची शेवटची ओळ ते गेले त्याच्या आदल्या दिवसाची. तिच्याखालची ओळ मी पोच घेऊन परत आल्यावर लिहिली. दिनांक लिहिला. ठिकाण, काम, स्थिती लिहिली. कागद दिला, उत्तर यायचं आहे. मग कारणाच्या रकान्याशी आलो, म्हणजे एवढा उशीर का, याच्याशी. गोदाम भरलं नव्हतं, यंत्र बंद नव्हतं, सुटी नव्हती. त्यांच्या पाच कारणांतलं एकही लागू पडेना, आणि 'इतर' त्यांनी ठेवू दिलं नव्हतं. मग लिहिलं.

कारण, गुड्डू भ्याला.

रोज संध्याकाळी पाचला दुकान आवरताना मी एक ओळ लिहितो, उत्तर येईपर्यंत लिहीन. शेवटचा रकाना तोच असतो, आणि तो मी दर वेळी पूर्ण लिहितो.